कळी पडेना

घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, म्हणून लिहिण्याचं हे धाडस माफ करावं; पण आजही ओल्या फुलांचा वास आला की पार्से गावातलं देऊळ आठवतं. खाणीवरची नोकरी सोडून बत्तिसाव्या वर्षी मी लॉ कॉलेजात अर्ज केला होता. प्रवेशयादी लागायच्या दिवशी घरी मन लागेना, म्हणून आईने मला कौल घ्यायला नेलं. भटजींनी देवाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. कितीतरी वेळ एकही पडेना. "देवाक पण तुझां वय बघून इचार पडलोसा दिसता," आई पुटपुटली, "पण कळी पडल्याबगर उठू नको." इतक्यात बाहेर पणजीहून आलेली बस थांबली. मी कॉलेजातली यादी बघून यायला सांगितलेला कंडक्टर देवळाच्या दारातूनच ओरडला, "वकीलसायबा, ऊठ! तुझां नाव लागलां!"