अकरा महिन्यांचं कॅबिनेट

माझ्या दुकानात एका माणसाने अकरा महिने कॅबिनेट पाहिलं. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, ज्याच्या पोटात बाकी सगळं बसतं. लोक तो पंधरा मिनिटांत घेतात. पोरं तर काचेतून रंगीत दिवे दिसले की किंमतही न विचारता उचलतात. बाबली गावस नावाच्या या गृहस्थांना अकरा महिने पुरले नाहीत, आणि शेवटी त्यांनी ते घेतलं नाहीच, मी ते त्यांच्या गळ्यात मारलं. त्यांना कॅबिनेट नको होतं. त्या निमित्ताने येणारा मुलाचा फोन हवा होता. हे मला फार उशिरा कळलं, तोवर माझा शहाणपणा करून झाला होता.

मी हर्षा. डिचोलीच्या बाजारात, जिना चढून वरच्या मजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि विक्रीचं दुकान आहे. जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात. गिऱ्हाईकं तोंडावर म्हणत नाहीत, कारण त्यांना पुन्हा यायचं असतं.

बाबलीकाका लाटंबार्सेचे. वय साठीच्या आसपास, अंग शिडशिडीत, शर्ट कायम इस्त्रीचा. बावीस वर्षं ते खाणीवर काट्यावर होते. काटा म्हणजे मालाचे ट्रक वजन करायचा तो मोठा लोखंडी काटा. ट्रक वर चढला की शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वजन उमटायचं, आणि काका चिठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. खाण बंद पडली तेव्हा ट्रक गेले, माणसं गेली, काका घरी आले. बायको सरस्वती जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता मुलगा साईश बंगळूरला जाहिरातींची चित्रं हलती करायचं काम करतो. घरात काका एकटे.

त्यांच्याकडचा जुना कॉम्प्युटर दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. पत्रा तळातून गंजला होता आणि आत मुंग्यांनी संसार थाटला होता. मीच तो उघडला होता, म्हणून मला ठाऊक. डिस्क तेवढी वाचली. तिच्यात सरस्वतीकाकींचे सगळे फोटो होते. मग साईशने बंगळूरहून एकेक भाग पाठवला. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, सगळं आपल्या हाताने निवडून. फक्त कॅबिनेट पाठवलं नाही. "पार्सलात चेपतं, बाबा. तुमी थंयच डिचोलीक पळयून घेया," असं तो म्हणाला. पाठवलेले खोके काकांनी कपाटात, काकींच्या साड्यांशेजारी ठेवले, आणि पुढच्या बुधवारी बाजाराच्या पिशवीसकट माझ्या दुकानात हजर झाले.

पहिल्या दिवशी मी चार कॅबिनेटं काढून दाखवली. काकांनी चष्मा पुसला आणि पहिल्याच्या तोंडावर बोट ठेवलं.

"बाय, ह्याच्या तोंडार सगळी जाळीच आसा. धूळ भितर जातली."

"जाळी असल्याशिवाय वारा कसा जाणार, काका? आतलं तापेल."

"तां खरां. पण खाणीर धुळीन माझी तीन मशीनां खाल्ली."

खाणीवरच्या तांबड्या धुळीने काट्यावरचे कॉम्प्युटर मरायचे. म्हणून काका दर शनिवारी मशीन उघडून सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवायचे. साईश आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून सोबत जायचा. पंप मारायचं काम त्याचं, आणि बाप बोट दाखवेल त्या भागाचं नाव सांगायचं कामही त्याचं. काकांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, मी न विचारता. मग त्यांनी कॅबिनेटचा फोटो काढला, साईशला पाठवला आणि स्टुलावर बसून राहिले.

पाच मिनिटांत फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला, त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नाही.

"बाबा, ह्यां बरां आसा, पण पुढचे पंखे धाकटे. आणि माझां जुनां ग्राफिक्स कार्ड मी कधीतरी हाडून बसयन. तां तेत्तीस सेंटिमीटर लांब. भितर जागो आसा काय मोजून पळया."

आम्ही मोजलं. साईश आणणार त्या कार्डाला तेहतीस हवी होती, जागा तीस होती. काकांनी ते सांगितलं तेव्हा साईश म्हणाला, मग दुसरं बघा. धूळ अडवायची गाळणी खालून सरकवून काढता येते का, वीजपुरवठ्याचा डबा वर बसतो की खाली, असं वीस मिनिटं चाललं. काकांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, काय हौशी बाप-लेक आहेत.

त्यानंतर दर बुधवारी हेच. काका यायचे, एखादं कॅबिनेट उलटंपालटं करायचे, फोटो पाठवायचे, फोन यायचा. एकाची काच आवडायची नाही, लाटंबार्सेच्या पालींना ती आरसा वाटेल म्हणून. एकाचा पत्रा नखाने वाजवून बघायचे आणि मान हलवायचे. एकाचे पाय बुटके, पुसायला लादीवर पाणी घातलं तर तळ भिजेल. खोटं काही नव्हतं त्यांत, सगळं बरोबर होतं, पण असं बघायला गेलं तर जगात एकही डबा घेण्यासारखा नाही. निघताना त्यांचं ठरलेलं वाक्य असे.

"काटो अजून थिर जावक नाय, बाय."

ट्रक काट्यावर चढला की आकडा खालीवर नाचत राहतो. तो थांबेपर्यंत चिठी फाडायची नाही, हा काकांचा बावीस वर्षांचा नियम. घाईने फाडली की वजन चुकलंच म्हणून समजायचं. मी म्हणायची, "काका, तुमचा ट्रक गेले सहा महिने काट्यावरच उभा आहे. मागची रांग दोडामार्गापर्यंत गेली असेल." ते मनापासून हसायचे, आणि पिशवीतून एक गरम उंडा, म्हणजे आमचा गोल पाव, काढून माझ्या टेबलावर ठेवून जायचे.

मला त्यांचा कंटाळा यायचा, हे कबूल करते. एकदा साईशचा फोन चालू असताना मी मुद्दाम मोठ्याने स्क्रू ड्रायव्हर आपटला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन घेऊन जिन्यात जाऊन उभे राहिले. तिथे वारा, गाड्या, बाजाराचा कल्ला. त्यांना नीट ऐकू येत नसणार. तरी अर्धा तास उभे होते.

चवथ, म्हणजे गणपती, तीन आठवड्यांवर आली तेव्हा माझा संयम सुटला.

"काका, आता देवळात जाऊन कौलच लावून घ्या. हे घेऊ की ते, देवच सांगेल."

"देव म्हणतलो, हर्षाक विचार," ते हसत म्हणाले.

"मग विचारा की! काकींचे फोटो दोन वर्षं त्या डिस्कमध्ये पडून आहेत. चवथीला साईश घरी येईल. तो आला की मशीन तयार दिसायला नको? की कपाटातले खोके दाखवणार त्याला?"

काकांनी पिशवी उचलली. मग म्हणाले, "येतलो म्हणालो हा. बगूया."

माझ्या डोक्याने घेतलं ते घेतलंच. म्हातारा माणूस ठरवू शकत नाही, त्याला कोणीतरी हात द्यायला हवा. मी स्वतः शोधून एक कॅबिनेट मागवलं. जाड पत्रा, काच नाही, उंच पाय, पुढे बारीक गाळणी, कार्डासाठी चौतीस सेंटिमीटर जागा. काकांच्या अकरा महिन्यांच्या तक्रारी एकेक करून ताडून पाहिल्या, एकही लागू होत नव्हती. चवथीच्या चार दिवस आधी ते स्कूटरवर पुढे घेऊन मी लाटंबार्सेला गेले.

काकांनी दार उघडलं आणि खोक्याकडे बघत राहिले.

"आज मी चिठी फाडते," मी म्हटलं.

त्यांनी नको म्हटलं नाही. मुलीसारखी पोर एवढं ओझं घेऊन दारात आल्यावर हे गृहस्थ नको म्हणणारेच नव्हते. कपाटातून खोके काढून त्यांनी खिडकीजवळच्या मेजावर ओळीने मांडले. मी दीड तासात सगळं बसवलं. बटण दाबल्याबरोबर मशीन चालू झालं, एका फटक्यात. माझ्या धंद्यात असे दिवस थोडे येतात. डिस्क उघडली, पहिलाच फोटो सरस्वतीकाकींचा आला, हातात मुळ्याची जुडी धरून कुणावर तरी रागावलेल्या. काका स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"साईशला सांगा ना," मी म्हटलं.

त्यांनी फोन लावला.

"साईश, मशीन चालू जाली रे."

"खरां? मस्त, बाबा! सुटलात एकदाचे."

"होय. हर्षान बसयली."

"बरां जालां."

काकांनी मशीनवरून एकदा रुमाल फिरवला.

"जेवलंस?" काकांनी विचारलं.

"जेवलंय. तुमी?"

"जेवलंय."

"बरां मगे, बाबा. माका मीटिंग आसा."

एक मिनिटही झालं नसेल. मी तिथेच, पाच हातांवर उभी होते, कानाने सगळं ऐकलं, आणि तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. काकांनी मला बळेच चहा दिला. मी पुण्य गाठीला बांधल्याच्या थाटात स्कूटर चालू केली.

चवथीला साईश आला नाही. काम निघालं. हे मला लाटंबार्सेच्याच स्वप्नीलने सांगितलं, तो प्रिंटरची शाई घ्यायला आला होता तेव्हा. पुढचा बुधवार गेला, त्याच्या पुढचाही. काका बाजारात दिसत, पण जिना चढत नसत. पहिले दोन आठवडे मला बरं वाटलं. तिसऱ्या बुधवारी उन्हं तिरपी झाली तरी मी कोपऱ्यातलं स्टूल बाजूला सारलं नव्हतं. दुकानात दिवसभर माझ्याशिवाय कोणी बोललं नव्हतं, आणि मी बोलले होते ती कुरिअरवाल्याशी.

स्वप्नीलला मी पुन्हा विचारलं, काका बरे आहेत ना. तो म्हणाला, "बरे आसत. मशीन मात्र कधी लायत नाय. वयर टॉवेल घालून दवरलेली आसा. साईशाचो फोन येता काय म्हणान मी विचारलंय, तर म्हणाले, आता खंयच्या कामाक येतलो?"

तेव्हा मला कळलं. आई होती तोवर दोघांचं बोलणं आईतून चालायचं. बाबाला सांग, साईशला विचार. ती गेल्यावर बाप-लेकाजवळ एकच भाषा उरली होती, सायकलच्या पंपाच्या काळातली. पंखे, पत्रा, धूळ, मापं. बाकी सगळं 'जेवलंस'पाशी संपायचं. अकरा महिने त्यांनी ती पुरवून पुरवून वापरली, आणि मी दीड तासात संपवून आले. माझी मला लाज वाटली. फोन करून काय सांगणार होते मी त्यांना?

दिवाळी झाली. त्यानंतरच्या बुधवारी जिन्यावर जड पावलं वाजली. काका होते. काखेत गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. बसमधून मांडीवर ठेवून आणलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, गाठ सोडली. माझंच कॅबिनेट. आतून स्वच्छ रिकामं. एकेक स्क्रू काढून कागदाच्या पुडीत बांधला होता.

"बाय, हो डबो परत घे," ते म्हणाले. "बसना."

"काय बसत नाही, काका?"

"साईशाचां कार्ड."

"साईश कार्ड घेऊन आला?"

"नाय. पण कधीतरी हाडतलो मां तो." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तेव्हा बसाक नको?"

मी टेप काढला. एक टोक मागच्या पत्र्याला लावलं, दुसरं पुढच्या पंख्याला. चौतीस. कार्ड तेहतीसचं, ते बसतं हे मलाही ठाऊक होतं, त्यांनाही. काट्यावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडा वाचता येत नाही असं थोडंच आहे? पण ते टेपकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा हात त्या कागदाच्या पुडीवर घट्ट मिटला होता.

"अर्धं बोट कमी पडतंय, काका," मी म्हटलं.

"मी म्हणा होतंय ना!"

त्यांनी घाईघाईने फोटो काढला. पहिला हलला, दुसरा काढला. पाठवला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले. मी डोक्यावरचा पंखा बंद केला, आवाज होतो म्हणून. चार मिनिटं झाली. मीही घड्याळाकडे बघत होते.

फोन वाजला.

"बाबा, बसना म्हणजे? कंपनीच्या साइटीर तर चौतीस लिवलेलां आसा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप सर्रकन गुंडाळून घेतला.

"मोजलां रे," काका हळूच म्हणाले. "हर्षान मोजलां."

लाइन कटली की काय म्हणून काकांनी फोन डोळ्यांसमोर धरला.

"साइटीर काय वाट्टेल तां लिवतत, बाबा," साईश म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दुसरां बघूया. माका आज मीटिंग नाय. हर्षाकडे आणखी खंयची आसत, एकेक करून मोजा."

"मोजतंय," काका म्हणाले. "तू फोन ठेवू नको."

मी वरच्या फळीवरची सगळी कॅबिनेटं खाली काढली आणि टेपचं दुसरं टोक धरलं.