पाण्यालाही तीच रेघ

अक्काच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. चौसाळ्यात हमरस्त्याला लागून दाजींचं किराण्याचं दुकान. गिऱ्हाइकांदेखत "आमच्या नशिबी वांझ आली" म्हणायला सासूबाईंची जीभ कधी अडखळली नाही. मी तेव्हा एम.एस्सी. होऊन जिल्ह्यातल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले होते. बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवीला क्षय असू शकतो. अशा क्षयात जंतू मोजकेच असतात, साध्या तपासणीत सापडत नाहीत. पुरावा मिळाला तर औषध सुरू करते. आणि तो पुरावा शोधायची चाचणी मीच बसवत होते!

अक्का हरखूनच गेली. "रोग निघू दे गं माझ्यात. धर्मापुरीच्या महादेवाला बोललेय मी." रोग निघावा म्हणून नवस बोलणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. रोग निघाला तर औषध, औषधानं कदाचित लेकरू. नाही निघाला तर सवत. सासूबाईंनी पोरगी बघूनही ठेवली होती.

चाचणी अशी, की जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा हुडकायचा आणि त्याच्या लाखो नकला काढायच्या. त्या तुकड्याची दोन टोकं धरायला दोन बारके धागे लागतात, प्रायमर. त्यांची अक्षरं, म्हणजे डीएनएच्या घटकांचा क्रम, आपण ठरवायची आणि ते परदेशातून बनवून घ्यायचे. आमच्याकडे संगणक नव्हता. मी चौकटीच्या वहीच्या पट्ट्या कापल्या, एकेकीवर एकेक प्रायमर लिहिला आणि तो दुमडून स्वतःलाच तर चिकटत नाही ना, हे पट्टी उलटी सरकवून तपासलं. झालं, पाठवून दिलं. दोन्ही पट्ट्या एकमेकींखाली सरकवून बघायच्या राहिल्या. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! लग्नात जोडी जुळावी लागते. इथं दोघांची शेपटं जुळली की सत्यानाश. जंतू राहतो बाजूला, ते एकमेकांनाच धरतात आणि स्वतःच्याच नकला काढत बसतात.

तेच झालं. नकला निघाल्या की जेलच्या वडीत, ज्याच्या त्याच्या रकान्यात, त्यांची रेघ दिसते. क्षयाच्या पक्क्या नमुन्याची रेघ जागेवर आली, ठळक. डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या अक्काच्या नमुन्याच्या रकान्यात फक्त तळाशी एक पुसट रेघ. शेजारच्या रकान्यात पडताळ्यासाठी नुसतं पाणी होतं, त्यालाही तीच, म्हणजे ती जंतूची नव्हे, प्रायमरचीच. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. जंतू भरपूर असले तर भागत होतं. मोजके असले तर प्रायमर आपसातच संपत होते. म्हणजे अक्काला क्षय असला तरी मला दिसणार नव्हता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना म्हणाले, "हा निकाल देता यायचा नाही."

"पक्का नमुना आला ना? मग लिहा, जंतू आढळले नाहीत."

लई भांडले. पण सही त्यांची होती.

दाजी कागदासाठी व्हरांड्यात उभे होते. "दाजी, दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नव्हं. माझं चुकलंय. नवं सामान येईस्तोवर थांबा, दोनेक महिने."

"हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"मला माहीत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. "इथं तर न्हाई लिवलंय." माणूस वाईट नव्हता, आईपुढं तोंड उघडत नव्हतं एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या एकमेकींखाली सरकवल्या. शेवटची चार अक्षरं घट्ट जुळत होती. जागा थोडी सरकवून नवी जोडी बांधली, फॅक्स केला. देश खुला झाला म्हणत होते. दाजींच्या दुकानात नवनवे साबण आले, पण माझे चिमूटभर प्रायमर मुंबईत कस्टममध्ये अडकले. मी एसटीडी बूथवरून ओरडायचे आणि पलीकडून "पुढच्या आठवड्यात" ऐकायचे. तिकडं चौसाळ्यात हळद लागली. अक्का एक ट्रंक घेऊन गेवराईला माहेरी आली.

नंतर प्रायमर आले. अक्काचा थोडा नमुना मी गोठवून जपला होता. या वेळी पाण्याचा रकाना कोरा, आणि अक्काच्या रकान्यात रेघ, नेमकी जागेवर. मी तिथंच रडायला लागले. सरांनी माझ्याकडे न बघता सही केली.

गेवराईला पोचले तेव्हा अक्का ज्वारी निवडत होती. कागद हातात दिला.

"म्हंजी रोग हाय?"

"हाय, अक्का. गोळ्यांनी बरा होतो. मूलही होऊ शकतं."

तिनं कागद कपाळाला लावला, हसली. मग सूप खाली ठेवलं.

"गोळ्या खाईन की गं," ती म्हणाली. "पर लेकरू आता कुणापाशी मागू?"