जैसलमेरची वाळू

भाजलेल्या शेंगांचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. गोष्ट इथलीच, इंग्लंडातल्या ब्रॅकनेलची. बाहेर सदा पाऊस आणि मी गॅरेजमध्ये हीटर लावून वाळवंटाची चित्रं काढत बसलेली. रंगात मिसळायला जैसलमेरहून मधाच्या रंगाची वाळू आणली होती, एअरपोर्टवर अख्खी बॅग उपसून दाखवून. गॅरेजमध्ये ओल धरेल म्हणून ती किचनमध्ये स्टीलच्या डब्यात ठेवली. प्रदर्शन आठवड्यावर आलेलं, मोठं चित्र तेवढं बाकी. संध्याकाळी ऑफिसातून आले तर दारातच खमंग वास, आणि नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई कढईत शेंगा भाजतायत. माझ्या वाळूत! “अहो आई, ती चित्रासाठी होती!” मी ओरडलेच. “मग किचनमध्ये कशाला ठेवायची गं? आणि खडे किती होते त्यात! चाळून फेकून दिले मी.” मला ते खडेच तर हवे होते! दुसरी वाळू आणणार कुठून? शेवटी टरफलांची जळकी पूड मिसळलेली तीच काळपट वाळू मी रागारागात कॅनव्हासवर थापली, त्यांनी बशीत आणून दिलेल्या शेंगा खात खात. प्रदर्शनात सगळे नेमके त्याच चित्रापाशी थांबले. आता ते इथल्या लायब्ररीत लागलंय. त्याच्यासमोर उभं राहून कुणी वाळवंटातल्या एकाकीपणाबद्दल हळव्या आवाजात बोलायला लागलं, की मी अजूनही चिडते. आणि वर भूक लागते ती वेगळीच.