चुकलेल्या दारातली माफी

आमचा पेलेनातोदादा जन्मात कधी कुणाला "चुकलं" म्हणाला नाही. दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन वर विचारणार, "पाय मध्ये कशाला ठेवतेस?" आणि असल्या माणसाला मी माझ्या पोरासाठी माफी मागायला पाठवलं! करणार काय, घराण्याचा प्रमुख तोच ना.

झालं होतं असं, की क्रिकेटच्या भांडणात माझ्या सेमिसीनं बॅट हाणून गावातल्याच सोलोमोनाचा जबडा मोडला. कोर्टात गुन्हा कबूल केला. सोमवारी शिक्षा ठरायची होती. आमच्या सामोआत अशा वेळी घराण्याचा प्रमुख बारीक विणीची भारी चटई अंगावर पांघरून पहाटे, ज्यांचं माणूस दुखावलं त्यांच्या दारात बसतो. त्यांनी चटई उचलली की माफी झाली, मग न्यायाधीशही शिक्षा हलकी करतात. नाही उचलली, तर पोरगं तुरुंगात.

"दादा, नुसतं बसायचंय. तोंड उघडायचं नाही," मी बजावलं.

पण याला लाज! कुणी तोंड बघू नये म्हणून यानं रस्त्यातच चटई डोक्यावरून घेतली आणि चाचपडत जाऊन बसला कुठे, तर सोलोमोनाच्या शेजारच्या मानोंगीच्या दारात! तरुणपणी लग्नाचं वचन देऊन जिला यानं वाऱ्यावर सोडलं, ती मानोंगी. पुढे दोघंही बिनलग्नाचीच राहिली.

तिनं चटई उचलली आणि गळाच काढला. "आलास रे मेल्या! केवढा उशीर! जा, केलं माफ!" रीतीप्रमाणे चटई घडी करून आत ठेवली. दादाला अळूचे कंद आणि डुकराचं मटण वाढलं. आणि आमचा शहाणा मुकाट्यानं जेवून घरी आला.

"अरे, दार चुकलं म्हणून सांगायचंस ना!"

"तूच म्हणालीस, तोंड उघडायचं नाही."

मी कपाळावर हात मारला. दुसरी चटई विणायची तर महिने जाणार. शेवटी जीव मुठीत धरून मानोंगीकडे गेले आणि खरं ते सांगितलं. वाटलं, आता केरसुणीच घेते ही.

"म्हणजे ती माफी माझी नव्हतीच," एवढंच ती म्हणाली.

मग तीच चटई डोक्यावर घेऊन ती स्वतः भर उन्हात सोलोमोनाच्या दारात जाऊन बसली. "तुमची माफी मी चुकून घेतली. पोटात घाला!" सोलोमोनाच्या बापाला काही कळेना, पण म्हातारीला उन्हात किती वेळ ठेवणार? उचलली त्यानं चटई.

सोमवारी न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नक्की माफी कुणी कुणाची मागितली?"

"मी मानोंगीची, साहेब. मानोंगीनं यांची," दादानं सोलोमोनाच्या बापाकडे हात केला.

"मानोंगीबाईंचा गुन्हा काय?"

"तिचा कसला? माझाच." दादा मागे वळला. "मानोंगी, दार चुकलं हे मला आवाजावरूनच कळलं होतं. पण तू माफ केलंस आणि मला सांगवेना गं. चुकलं माझं."

मी तर पोराला विसरून दादाकडेच बघत राहिले.

न्यायाधीशांनी सेमिसीचा तुरुंग टाळला. सोलोमोना बरा होईपर्यंत त्याच्या मळ्यात राबायचं, एवढंच. मी सेमिसीला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

"आणि यांच्या शिक्षेत काही सूट?" न्यायाधीशांनी हसत दादाकडे बोट दाखवलं.

"मुळीच नको, साहेब," मानोंगी डोळे पुसत म्हणाली. "याला माझ्या घरी पाठवा."