ऑगस्टचं पान

रत्नागिरीत माझे काका विम्याची दलाली करतात. मच्छीमार बोटी, टेंपो, आंब्याच्या बागा, सगळ्यांचे विमे त्यांच्या हातून. कोणाचा विमा कधी संपतो, हे ऑफिसातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिलेलं. दुसरीकडे कुठेच नोंद नाही. कंपनीचे मेसेजही काकांच्याच मोबाइलवर, कारण प्रत्येक फॉर्मवर नंबर त्यांचा. ते मेसेज ते उघडतसुद्धा नसत.

मी खड्ड्यांविरुद्ध पत्रकं काढणारी. घरच्या या कारभारावर तोंड उघडायला मला दोन वर्षं लागली, याची लाज वाटते. शेवटी एका सॉफ्टवेअरची माहिती घेऊन गेले.

"विमा संपायच्या महिनाभर आधी ते आपणहून आठवण करतं, काका. तुम्हालाही आणि गिऱ्हाइकालाही."

"तुझ्या मशीनला कळतं का, कोणाचा मुलगा कुवेतला आहे नि कोणाच्या घरात बाळंतपण आहे ते? पुढारीणबाई, आधी चहा प्या."

मी चहा प्याले. तेव्हाच भांडायला हवं होतं.

जुलैच्या अखेरीस काकू ऑफिसात आली होती. कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानामागे नारळीभाताची कृती होती. तिने ते पान फाडून नेलं, आणि बरं दिसत नाही म्हणून ड्रॉवरमधलं बँकेचं कॅलेंडर त्याच खिळ्याला अडकवलं. काकांच्या लक्षातही आलं नाही. भिंतीवर ऑगस्ट होता, चौकटी कोऱ्या होत्या. या महिन्यात कोणाचं काही नाही, असं धरून ते निवांत राहिले. नारळीभात झाला, पान तुपाने माखलं, कचऱ्यात गेलं.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी, मी ऑफिसात असताना, बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला. हर्णेहून एका बोटमालक नाखवांचा फोन आला. त्यांचा मुलगा बोट घेऊन समुद्रात होता.

"काका, पोराचा फोन लागत नाही. आपला विमा चालू आहे ना?"

"आहे हो नाखवा, निर्धास्त राहा."

फोन ठेवून काकांनी फाइल काढली. विमा अकरा दिवसांपूर्वी संपला होता. भिंतीवरचं कॅलेंडर आपलं नाही, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"सांगा त्यांना," मी म्हटलं.

"आधी बोट येऊ दे."

माझं डोकंच फिरलं. फोन मी लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"पोराचा आत्ताच फोन आला," नाखवा म्हणाले. "बोट जयगडच्या खाडीत शिरली. सांगितलंस ते बरं केलंस, बेटी. पण विमा संपलेली बोट आमची एकट्याचीच होती काय? या बंदरातल्या कितीतरी बोटी तुझ्या काकांकडे आहेत. सगळ्या कुठे परतल्यात?"

मी काकांना विचारलं, फाडलेल्या त्या पानावर आणखी कोण कोण होतं?

"सावर्ड्याचा एक टेंपो असावा," ते म्हणाले. बाकीचं त्यांना आठवेना.

तीन कपाटं भरून फायली, नावांप्रमाणे लावलेल्या. तारीख शोधायची तर एकेक उघडायची. चौथ्याच फायलीत सापडली: बोट, ऑगस्टची तारीख, उलटून गेलेली. फॉर्मवरचा नंबर मी घाईघाईने फिरवला.

टेबलावरचा काकांचा मोबाइल वाजू लागला.