सडक्या केळ्यांची पंगत

सुमनमावशींची नि माझी ओळख सडक्या केळ्यांमुळे झाली. कापेल या डच गावातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या बरोब्बर वरच्या मजल्यावर, मुलाकडे राहायच्या. लॉकडाउनच्या पहिल्या उन्हाळ्यात मी बाल्कनीत लॅपटॉप मांडून मीटिंगला बसले होते, तर वरून कीबोर्डवर काहीतरी चिकट ठिबकलं. वास म्हणाल तर थेट गुत्त्याचा! मी तणतणत वर गेले. दार उघडलं ते मास्क लावलेल्या, सत्तरीच्या एका ठेंगण्या बाईंनी. हातात डाव आणि डावाला काळंकुट्ट केळं. मी भांडायला तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "मराठी ना तू? मग ये. दोघं पिऊन पडले आहेत, पाहून जा."

बाल्कनीत एका ताटलीत केळी, गूळ आणि मुलाची बिअर कालवून ठेवली होती. त्यावर दोन काळी-तांबडी फुलपाखरं अक्षरशः तर्र होऊन बसली होती. इथले लोक त्या फुलपाखरांना अटालांटा म्हणतात. मावशींनी बोट पुढे केलं तरी ती हलेनात. "फुलावर बसते ती चिल्लर," मावशी म्हणाल्या, "खानदानी फुलपाखरू सडक्यावर बसते." आधी हे कालवण सुनेच्या चटणीच्या मिक्सरमधून निघायचं. सुनेने मिक्सर कपाटात कोंडल्यापासून मावशी डावावर आल्या होत्या. भांडण करायचं माझं राहूनच गेलं.

मावशी मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे घानाला गेल्या आणि तिथल्या मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवत राहिल्या. गावापासून तासाभरावर एक राखीव जंगल होतं. रविवारी लोक चर्चला जायचे आणि मावशी पिशवीत सडकी केळी घेऊन जंगलात. वाटेवरच्या एखाद्या खोडावर केळं फासायचं आणि समोर बसून राहायचं. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं, तेव्हापासून ते जंगल त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्या वर्षीच्या एप्रिलचं तिकीट मुलानेच काढून दिलं होतं. ते अर्थातच रद्द झालं.

तसं त्यात काय, पुढच्या वर्षी जाल, असं मी म्हटलं. तेव्हा कळलं, की पुढचं वर्ष परवडणारं नव्हतं. मावशींच्या दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं हळूहळू पुसत चाललं होतं. समोरच्याचं नाक-तोंड दिसेना, फक्त कडेकडेचं दिसे. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या.

मग आम्ही रोज संध्याकाळी नदीच्या बांधावरून दीड मीटरचं अंतर राखून फिरायला लागलो. जरा काही उडालं की त्या विचारायच्या, मी सांगायची. पांढरं होतं, म्हटलं की चिडायच्या. "रंग काय सांगून राहिली? साडीच्या दुकानात आहेस का? उडालं कसं ते सांग." माणूस पाठमोरा असला तरी चालीवरून ओळखू येतो, तसं फुलपाखरू उडण्यावरून ओळखावं, असं त्यांचं म्हणणं. आणि मी लगेच पुढे निघाले की, "घाई करणाऱ्याला फक्त उडून गेलेलं दिसते." ऑफिसात मी हे वाक्य माझ्या नावावर बरेचदा खपवलंय.

दुसऱ्या वर्षी लस झाली, विमानं सुरू झाली आणि वरच्या घरात वाद सुरू झाला. मिलिंद, म्हणजे मुलगा, जीव ओतून आईचं करणारा. पण प्रवास, साथ, वय, सगळ्याची त्याला धास्ती. एका रविवारी माझ्यादेखत तो बोलून गेला, "आई, पण तिथे जाऊन तुला आता दिसणार काय?" बोलला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. "जे दिसेल ते दिसेल," मावशी म्हणाल्या, "अन् इथं थांबून राहिली तर तेही जाईल." मिलिंद उठून खिडकीपाशी गेला. माझ्या रजा साचून पडल्या होत्या. मी नेते, म्हणाले. मिलिंदने कितीदा तरी नाकात काडी घालायच्या चाचण्यांबद्दल नि विम्याबद्दल विचारलं आणि शेवटी हो म्हणाला.

आज मावशी नागपूरला लेकीकडे असतात आणि माणसं आवाजावरूनच ओळखतात. पण त्या ऑक्टोबरात जंगलात पोचलो तेव्हा कडेचं थोडं शिल्लक होतं. तांबड्या मातीची वाट, अंगाला चिकटणारी हवा आणि मान मोडेल इतकी उंच झाडं. मावशींनी स्वतःच्या हाताने चाचपडत खोडाला केळं फासलं आणि स्टुलावर बसल्या. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. एवढा आटापिटा करून आलो आणि हे असं, या विचाराने मला रडू यायचंच बाकी होतं. मावशी निवांत घाम पुसत होत्या.

मग वरून एक आलं. दांडगं, तपकिरी, मागे दोन शेपट्या. मी सांगायला लागले तर त्यांनी हाताने गप्प केलं. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून त्या बघत होत्या. त्याने खोडाभोवती दोन झपाट्याचे फेरे मारले, आधी बसलेल्या माशीला हुसकलं आणि बसलं. मावशींनी त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव घेतलं, भाच्याला हाक मारावी तसं. मागोमाग दुसरं आलं, तिसरं आलं, नुसती झुंबड उडाली. मावशी हसत होत्या आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. एकेकाला नावाने बोलावत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत बसले होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"माझं झालं पाहून," त्या म्हणाल्या. "मला काय पाहून राहिली पोरी? तिकडं पाह्य."