लोखंडाचा कीस

राजकोटच्या आमच्या पंप बनवणाऱ्या छोट्या शेडमध्ये काम संपलं की मालक जयंतीभाई स्वतः उकिडवे बसून लोहचुंबकानं जमिनीवरचा लोखंडाचा कीस गोळा करतात, आमच्या पायात जाऊ नये म्हणून. आज ते पाहत असतानाच आईचा फोन आला. "मुलीकडचे विचारतायत, कुठं असतोस कामाला?"

"मोठ्या कंपनीत. मुलगी बघायला यायला सुट्टीचं साहेबांना विचारतो."

जयंतीभाईंना मराठी समजतं. "विचार की, साहेब खाली बसलेत," ते हसले.

गावोगावचं विहिरीतलं पाणी अशा चार माणसांच्या शेडांत घडलेल्या पंपांवरच वर येतं. आठवीत शाळा सोडलेल्या मला मोठ्या कंपन्यांनी गेटवरूनच परत पाठवलं; हात धरून लोखंड कातायचं लेथ यंत्र चालवायला शिकवलं ते जयंतीभाईंनी.

आईला खरं सांगून टाकलं. स्थळ कदाचित जाईल. ती एवढंच म्हणाली, "ज्यानं भाकरी दिली, त्यालाच लपवलंस होय रे?"